बाबांच्या गाडीचा हलका ब्रेक

ऐका ना, मध्ये कोणी बोलू नका, नाहीतर मला परत जमणार नाही. एवढं सांगायलाच मला सहा महिने लागलेत.

आमची ती जुनी गाडी माहितीये ना, गोल दिव्यांची, बाबांनी लग्नाआधी घेतलेली? तिचा ब्रेक म्हणजे निव्वळ पायाचा जोर. सिग्नलला थांबायचं तर बाबा सीटवरून अर्धे उठायचे. त्यात उजवा गुडघा गेलेला. डॉक्टरांनी पायाला वाळूची पिशवी बांधून व्यायाम करायला सांगितलं, तर हे रोज सकाळी खुर्चीत बसून पाय वर, पाय खाली, आणि मोठ्याने आकडे. आई म्हणायची, "अहो, ती गाडी विका आणि मला जरा शांतता द्या." बाबा म्हणायचे, "तुझ्याआधी आलीये ती घरात. जरा मान ठेव."

पण एकदा आई मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "परवा गाडी वेळेवर थांबलीच नाही गं. आता यांना चालवू द्यायची नाही." गाडीशिवाय बाबा, मला डोळ्यांसमोर आणताच येईना.

मी बाबांना म्हटलं, पॉवर ब्रेक बसवू या, नुसता पाय ठेवला की गाडी थांबते. "अगं, मग मी काय करू? नुसता बसू?" विषय संपला.

मग ते आठ दिवस आत्याकडे गेले, आणि मी गाडी थेट पान्याकडे नेली. पान्या म्हणजे कोपऱ्यावरचा मेकॅनिक, सुतार पेन्सिल खोचतो तसा हा कानामागे छोटा पाना खोचतो. दोन दिवस आम्ही दोघं त्या गाडीत डोकं घालून. ब्रेकचा जुना सिलिंडर काढला, तिथे पायाचा जोर वाढवणारा बूस्टर बसवला, हा एवढा काळा गोल डबा, त्याच्यापुढे नवा सिलिंडर, इंजिनपासून डब्यापर्यंत जाड रबरी नळी, पेडलचा दांडा वरच्या भोकातून खालच्या भोकात. हात पुसता पुसता पान्या म्हणाला, "हे बघ, इंजिन हवा ओढतं ना, त्या ओढीवर हा डबा चालतो. इंजिन बंद केलंस तर दोनदा ब्रेक लागेल, मग पेडल दगड. आधीपेक्षा कडक. काकांना सांग." मी म्हटलं, हो रे, सांगते.

बाबा आले, चक्कर मारायला निघाले, मी शेजारी. म्हटलं, आधी खूश होऊ देत, मग सांगू. पहिल्याच सिग्नलला गाडी अशी गचकन थांबली की आम्ही दोघं पुढे. बाबा हसायलाच लागले. "बघितलंस? वाळूची पिशवी. डॉक्टर म्हणत होता तीन महिने लागतील."

घरी येऊन आईला सांगितलं, आत्याला फोन केला, शेजारच्या काकांना पँट वर करून गुडघा दाखवला. आता मला सांगा, मी कुठल्या तोंडाने सांगणार होते? म्हटलं उद्या. तो उद्या तीन आठवडे चालला.

आणि एक गोष्ट मला लहानपणापासून माहीत होती. घराकडचा तो लांब उतार आहे ना, तिथे बाबा वरच किल्ली फिरवून इंजिन बंद करतात. "ऐक," म्हणतात, "आता फक्त टायर बोलतायत." तेव्हा उताराचा रस्ता खोदलेला होता, आम्ही दुसरीकडून यायचो, म्हणून माझ्या डोक्यातच आलं नाही. रविवारी रस्ता उघडला. बाबा म्हणाले, "चल, आज आपल्या वाटेने." मी शेजारी बसलेले. त्यांनी किल्ली फिरवली. पहिल्या वळणाला ब्रेक लागला. दुसऱ्याला लागला. तिसऱ्याला पेडल हलेचना. बाबांनी दोन्ही पाय ठेवले, मानेच्या शिरा ताणल्या. मी हँडब्रेक ओढला, गाडी तिथल्या दवाखान्याच्या भिंतीला घासत गेली आणि थांबली. एक दिवा फुटला. कोणाला लागलं नाही.

बाबांनी गाडीकडे बघितलंच नाही. गुडघा चोळत बसले. "गेला गं," म्हणाले, "ऐन वेळी गेला पाय." आणि किल्ली माझ्या हातात दिली.

मी मूठ मिटली. एवढंच केलं मी.

पाचव्या दिवशी सांगितलं सगळं, पान्या काय म्हणाला होता तेही. ते पेपर वाचत होते. घडी घातली. "म्हणजे पहिल्या दिवसापासून तो डबाच थांबवत होता?"

"हो."

"मग ताईला उगाच फोन केला मी."

ओरडले असते तर बरं झालं असतं. गाडी दुरुस्त झाली, मी किल्ली पुढे केली, म्हटलं, बाबा, फक्त इंजिन चालू ठेवायचं, बाकी काही नाही. ते म्हणाले, "तू चालव." वाळूची पिशवी आता गॅलरीच्या दाराला लावलेली असते, वाऱ्याने आपटू नये म्हणून.

आता मी चालवते, ते शेजारी. उतार सुरू झाला की विचारतात, "चालू आहे ना?" इंजिनचा आवाज त्यांना चांगला ऐकू येतो, तरी विचारतात. मी म्हणते, हो बाबा, चालू आहे.