तीस तारखेचा चौकोन

बायकोचा तीस तारखेचा पन्नासावा वाढदिवस नेमका तेवीस तारखेच्या चौकोनात कोंबला गेला आणि छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याने कपाळाला हात लावला.

छापखान्यात भिंतीवरच्या कॅलेंडरची मांडणी तीस वर्षं त्याच्याकडेच होती. कॅलेंडरला ओळी पाचच. वरच्या अर्ध्या पानावर मालकांच्या आजोबांचा फोटो, तो हलवायची कुणाची छाती! महिना शनिवारी सुरू झाला की तीस तारखेला सहावी ओळ लागते. मग तेवीसच्या चौकोनात तिरकी रेघ मारायची आणि खालच्या कोपऱ्यात तीसला बसवायचं, ही आजोबांच्या काळापासूनची रीत.

अकरा वर्षांपूर्वी अशीच रेघ आली होती. तेव्हा रेघेने फसून या पठ्ठ्याने बायकोला तेवीस तारखेलाच घड्याळ भेट दिलं आणि तीसला घरात गोडाचं बघून विचारलं, "आज कोण पाहुणे येणार आहेत?"

"या वर्षी मला अख्खा चौकोन हवा," प्रूफ बघून बायकोने बजावलं. "नाहीतर मी महिनाभर ताईकडे जाते. तुम्ही बसा रेघा मारत."

तिचं काही चुकत नव्हतं, हे त्यालाही कळत होतं. तो दोन दिवस डोकं धरून बसला. तिसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं, की आठवडा रविवारऐवजी सोमवारपासून मांडला तर हाच तीस दिवसांचा महिना पाच ओळींत चपखल बसतो! रविवार पहिला का, हे छापखान्यात कुणालाच सांगता येत नव्हतं. आजोबांनी तसा मांडला म्हणून. आजोबांनी तरी कुणाचं तरी बघूनच मांडला असणार. फार पूर्वी कुणीतरी ठरवलं आणि बाकीचे मान डोलावत आले. मग एका महिन्यापुरता सोमवार पुढे आला तर काय आभाळ कोसळणार होतं?

त्याने वार हलवले, तारखा हलवल्या, तीसला ऐसपैस बसवलं. फक्त लाल रंगाची प्लेट हलवायची राहिली. बाराही महिन्यांना ती एकच प्लेट चाले आणि पहिला रकाना लाल करी. मालकांनी प्रूफ तपासताना नेहमीप्रमाणे आजोबांचा फोटो तेवढा पाहिला आणि सही ठोकली.

तो महिना उजाडला. दोन तारखेच्या काळ्या रविवारी कारकून डबे घेऊन कचेरीच्या कुलपासमोर उभे राहिले. तीन तारखेच्या लाल सोमवारी शाळेचा शिपाई घरी घोरत पडला आणि फाटकाबाहेर चारशे पोरांनी आनंदाने धिंगाणा घातला. चार तारखेला अख्खं गाव छापखान्यात येऊन मालकांच्या अंगावर धावून गेलं.

मालकांनी माफीच्या चिठ्ठ्या छापायचं कबूल केलं. तीस तारखेचा सगळा घोळ ऐकून मजकूर त्यांनीच सांगितला, तोही जुळाऱ्याच्या नावाने. कागद यायला मात्र एकोणतीस तारीख लागली.

"काका, उद्या रविवार," मालक दातओठ खात जुळाऱ्याला म्हणाले. "पण तुमच्या कॅलेंडरात काळा आहे ना? मग या कामाला."

तीस तारखेला दुपारी जुळारी शाईने माखलेला, चिठ्ठ्यांच्या ढिगात बुडालेला. तेवढ्यात नवे कपडे घालून बायको दारात उभी.

"अगं, आज इकडे कशी?" तो बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. ज्या दिवसासाठी गाव उलटंपालटं केलं, तोच दिवस हा माणूस विसरला होता!

बायकोने ढिगातली एक चिठ्ठी उचलून वाचली. 'तीस तारखेपायी झालेल्या मनस्तापाबद्दल मी मनापासून माफी मागतो. चूक सर्वस्वी माझी. – जुळारी.'

"किती छापल्यात?" तिने विचारलं.

"चार हजार."

तिचे डोळे भरून आले. "सव्वीस वर्षांच्या संसारात तुमच्या तोंडून एकदा माफी निघाली नाही. आणि आज चार हजार वेळा!"

त्याने खुलासा करायला तोंड उघडलं. तिचा चेहरा पाहिला. आणि आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर मिटलं.

"आणखी पाच-सहा द्या," पदराने डोळे टिपत ती म्हणाली, "शेजारणींना वाटते."