तिला न पटलेली कादंबरी

मित्रांनो, माझ्या मुखपृष्ठावर गुलाबी आकाश आहे आणि त्याखाली मोटरसायकलवर बसलेली दोन पाठमोरी माणसे. चित्र गोड आहे, पण त्यावर जाऊ नका. मी तरुण मुलामुलींसाठी लिहिलेली एक कादंबरी आहे आणि आता माझा कणा मोडला आहे. तो कसा मोडला हे कळायला आधी माझ्यात काय लिहिले आहे ते ऐका.

एका मुलाचे आणि मुलीचे प्रेम असते. एके दिवशी रागाच्या भरात तो गाडी भरधाव सोडतो. ती मागे बसून 'थांब, थांब' म्हणत राहते. तो थांबत नाही. गाडी पडते, तिला लागते, दोघे दुरावतात. पुढे तो परत येतो आणि ती त्याला पुन्हा जवळ करते. माझे शेवटचे वाक्य असे आहे : 'तिने डोळे मिटले आणि काहीही न विचारता ती त्याच्या मागे बसली.'

हे वाक्य लेखिकेचे नाही. तिने शेवटाआधी एक लांब प्रकरण लिहिले होते. त्यात मुलगी त्याला समोर बसवून विचारते, की मी थांब म्हणत होते तेव्हा तू का थांबला नाहीस? तो आधी टाळतो, मग चिडतो, आणि शेवटी खाली मान घालून खरे काय ते सांगतो.

छापखान्यात एका मोठ्या कागदावर सोळा पाने एकदम छापतात आणि मग त्याची घडी घालतात. त्याला फर्मा म्हणतात. ते प्रकरण ठेवले तर एक फर्मा वाढत होता.

"ताई, थोडक्यासाठी अख्खा फर्मा जातोय," संपादक म्हणाले. "आणि निम्मी पानं कोरी राहतील, ती वेगळीच."

"पण त्यातच तर तो तिला उत्तर देतो."

"उत्तर कोणाला हवंय? पोरी शेवटच्या पानासाठी वाचतात. तो आला, ती बसली, संपलं. मध्ये पंचनामा कशाला?"

लेखिकेने बराच वेळ पेनाचे टोपण काढले, लावले. "मग जोडून घ्या तुम्हीच," ती म्हणाली.

त्यांनी ते प्रकरण काढले आणि ते शेवटचे वाक्य स्वतः लिहून जोडून घेतले. पानांचे आकडे नव्याने घातले गेले. मी शिवले गेले, कापले गेले आणि बाहेर पडले. कुठे काय गेले हे बोटाने चाचपूनही कळले नसते.

एका वाचनालयात माझी वर्षे बरी गेली. मुली माझ्यासाठी नंबर लावत. कोणी मला उशीखाली ठेवले, कोणी शाळेच्या दप्तरात लपवले. कित्येकींची आसवे माझ्यावर पडली. मी सुखावत असे. तरी एखादी मुलगी डोळे पुसून 'किती छान!' म्हणाली, की मला उगाच अस्वस्थ वाटायचे. ही उद्या कोणाच्या मागे बसेल?

मग एके दिवशी एका तरुणाने मला नेले. त्याच्या बहिणीने त्याला सांगितले होते, "तुझीच गोष्ट आहे रे. फक्त शेवट गोड आहे." त्याने मला वाचले नाही. शेवटचे पान तेवढे पाहिले आणि त्या वाक्याखाली बॉलपेनने रेघ मारली, इतकी दाबून की ती मागच्या बाजूला उमटली. मग तो मला एका चष्म्याच्या दुकानात घेऊन गेला.

तिथे एक मुलगी काम करत होती. दुकान तिच्या मावशीचे. मुलगी काचा घासून चौकटीत बसवायची आणि बारीक स्क्रू पिळायची. पिळताना तिचे उजवे मनगट मध्येच अडायचे. मग ती हात झटकून पुन्हा सुरू करायची.

"वाच," तो म्हणाला. "आपलीच गोष्ट आहे. शुक्रवारी येतो, गाडी नवी घेतलीय. एक चक्कर मारू. फक्त एक."

तो गेल्यावरही त्याच्या गाडीचा आवाज गल्लीत बराच वेळ घुमत राहिला.

तिने मला दुकानातच वाचायला घेतले, गिऱ्हाईक नसेल तेव्हा. सुरुवातीला ती भराभर वाचत होती. गाडी पडण्याचे प्रकरण आले तेव्हा तिचा अंगठा माझ्या कडेवर गार पडला. तिथून पुढे ती सावकाश वाचू लागली. ती काहीतरी शोधत होती. ती काय शोधते आहे हे मला ठाऊक होते, आणि ते माझ्यात नाही हेही.

"काय गं, रडवतंय का पुस्तक?" मावशी गल्ल्यावरून म्हणाली. "रडवू दे. डोळे बिघडले तर आपलंच गिऱ्हाईक."

मुलगी हसली नाही. तिने शेवटचे पान वाचले, परत मागे गेली, परत पुढे आली.

"मावशी, याची पानं गळालीत का बघ ना."

मावशीने चष्मा कपाळावरून खाली ओढला, मला हातात घेतले आणि आकडे तपासले. "सगळी आहेत की! का?"

"तो परत येतो आणि ही बसते. मध्ये काहीच नाही. तो का थांबला नव्हता, हे सांगतच नाही कुठे. इतकं गाजलेलं पुस्तक, आणि असं फसवं!"

"अगं, गोष्टीतली माणसं ती. त्यांना कसला जाब?"

"मीही म्हणत होते, थांब म्हणून."

दुकानात काच घासायचे यंत्र चालू होते. मावशीने ते बंद केले.

"गाडी खडीवरून घसरली म्हणाली होतीस तू."

"घसरली खडीवरूनच. पण त्याआधी मी ओरडत होते. तो हसून गाडीची मूठ आणखी पिळत होता."

मावशी तिच्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "मग तू त्याला विचारलंस?"

मुलीने मान हलवली. नाही.

शुक्रवारी उन्हे कलताना तो आला. गाडी बंदही केली नाही त्याने. मुलगी मला घेऊन बाहेर गेली. मावशी दारात उभी राहिली, हातात एका गिऱ्हाइकाचा अर्धवट पुसलेला चष्मा.

"वाचलंस?" तो म्हणाला. "मग? बस."

"त्या दिवशी तू का थांबला नाहीस?"

"अरे देवा! अजून तेच? शेवट वाचला नाहीस का?"

"शेवट वाचला. मला मधलं सांग."

"तू ना, सगळ्याची मजा घालवतेस. बस, जाता जाता सांगतो."

"आधी सांग."

त्याने उजव्या हाताने गाडी रेस केली. आवाज एकदम वाढला. समोरच्या ओट्यावरची मांजर उठून आत पळाली.

"बस म्हणतोय ना मी!"

मित्रांनो, त्या आवाजात प्रेमाचा लवलेश नव्हता. तिचा हात सीटवर होता. मला वाटले, आता ही डोळे मिटेल. तिने हात काढून घेतला आणि जिथे ती बसायची तिथे मला ठेवले.

"हे तुझं तू परत कर," ती म्हणाली. "मला नाही आवडलं."

तो काहीतरी घाणेरडे पुटपुटला आणि सुटला. मागे कोण आहे, काय आहे, हे त्याने वळून पाहिले नाही. मला धरायला काही नव्हते. गल्लीच्या वळणावर त्याने वेग कमी केला नाही. मी उडाले, कण्यावर आपटले आणि मागून येणाऱ्या टेम्पोचे चाक माझ्यावरून गेले.

मुलगी धावत आली. तिने माझी पाने गोळा केली आणि दुसऱ्या दिवशी वाचनालयात नेऊन दिली. तिथले काका माझ्याकडे बघतच राहिले.

"गाडीवरून पडलं वाटतं? कोणाला लागलं नाही ना?"

"नाही काका," ती म्हणाली. "मागे कोणी बसलं नव्हतं."

आता मी फाटक्या पुस्तकांच्या कपाटात आहे. मित्रांनो, मला चिकटवून पुन्हा मांडणीत ठेवा, असा माझा आग्रह नाही. पण माझ्यासारख्या इतर प्रती ठिकठिकाणी आहेत, चांगल्या धडधाकट. त्यातली एखादी तुमच्या ताईच्या किंवा मैत्रिणीच्या हातात दिसली तर हिसकावून घेऊ नका, हसूही नका. तिचे वाचून होईपर्यंत थांबा. मग शेजारी बसा आणि तिला काय पटले नाही ते विचारा. ती लगेच सांगणार नाही. तरी उठून जाऊ नका.