पहिला डाग आमच्याकडून

आमच्या घराण्यात चांगल्या गोष्टींच्या चिंध्या करणारे पुष्कळ झाले, पण चिंध्यांची चांगली गोष्ट करायला निघालेली मी पहिलीच.

आत्याच्या शिवणकामाच्या दुकानात खिडकीला लागून माझं एक टेबल आहे. दुकानात आम्ही तिघं. आत्या मापं घेते आणि मागच्या वेळेपेक्षा कंबर किती पुढे गेली ते गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते. मास्तर कापड बेततात. मास्तरांच्या कात्रीखालून जे जमिनीवर पडतं ते मी उचलते आणि त्याच्या घड्या घालते. सुती कतरण घ्यायची, वरची कड दुमडायची, दोन्ही कोपरे मधोमध आणून त्रिकोण करायचा आणि वरून कडक इस्त्री फिरवायची. चार त्रिकोणांची टोकं एकमेकांना भिडवून मध्यभागी टाचायची, त्यांच्यामागे आणखी त्रिकोणांची रांग, तिच्यामागे आणखी एक. प्रत्येक रांग आधीच्या रांगेच्या उघड्या कडा झाकत जाते. खाली जुन्या ब्लँकेटचा थर, भोवती कापड तिरपं कापून केलेली उरेब पट्टी. झालं पातेल्याचं बस्कर. माणसाला बसायला बस्कर लागतं, मग तापलेल्या पातेल्याने काय उभं राहायचं?

हे काम मी उत्तम करते. बढाई नाही ही. मधली चार टोकं मी अशी मिळवते की त्या ठिकाणी मुंगीला उभं राहायला जागा उरत नाही. आजवर एकाही मुंगीने जागा मिळाल्याचं कळवलेलं नाही.

तर एके दिवशी आत्या म्हणाली, “काज करायचं मशीन घेतेय. महिनाअखेरीला येईल. खिडकीपाशी ठेवणार.”

“खिडकीपाशी मी आहे.”

“तेच म्हणतेय.”

“मशीन बडबड करत नाही,” मास्तर कापडावर खडूने रेघ मारत म्हणाले. “नुसती माहिती दिली. मी कुणाच्या बाजूने नाही.”

“माझा माल खपतो, आत्या.”

“खपतो ना. एकदा. एक तरी बाई दुसऱ्यांदा आली का तुझ्याकडे? माझ्याकडचा कपडा बिघडला तर बाई भांडायला का होईना, परत येते. तुझ्याकडे भांडायलासुद्धा कुणी फिरकत नाही. कौतुक करतात आणि गायब होतात. कौतुकाला मी भाडं लावू का?”

मी गप्प बसले. आत्याचं बरोबर असलं की मी गप्प बसते. त्यामुळे आमच्या दुकानात वर्षातून दोनदा शांतता असते.

“हे बघ,” आत्या जरा नरमली, “मशीन यायच्या आत एक गिऱ्हाईक, ज्याने आधी घेतलंय तेच, दुसरं विकत घ्यायला येऊ दे. एकच. टेबल तुझं. नाहीतर तुझं सामान माळ्यावर.”

“आणि मी?”

“माळ्यावर जागा आहे.”

मी लगेच हो म्हटलं. माझा आत्मविश्वास कुठून आला हे घरात कुणालाच माहीत नाही. आईचा नाही, बाबांचा तर नाहीच. कुणाच्या तरी मापात जास्त झाला असेल, ती कतरण माझ्या वाट्याला आली.

दुसऱ्या दिवशी मी आधीच्या गिऱ्हाइकांच्या घरी चक्कर मारायला निघाले. सुरुवात वहिनीपासून केली, कारण ती खोटं बोलली तर दादा लगेच सांगतो.

“बस्कर वापरतेस ना गं?”

“म्हणजे काय! जीव आहे माझा त्याच्यावर.” तिने कपाट उघडलं, खालचा खण ओढला, एका पिशवीतून दुसरी पिशवी काढली, त्यातून तिसरी. आत माझं बस्कर, लग्नातल्या शालूशेजारी, डांबराच्या गोळ्यांच्या पहाऱ्यात.

“आणि पातेलं कशावर ठेवतेस?”

“वर्तमानपत्रावर.”

“मग हे कधी काढणार?”

“कुणी खास आलं की काढू.”

“मी आलेय की.”

“तू घरचीच गं,” वहिनी प्रेमाने म्हणाली आणि तिन्ही पिशव्या पुन्हा बांधल्या.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी माझं बस्कर काचेच्या चौकटीत बसवून दवाखान्यात टांगलं होतं, बरोबर खुर्चीसमोर. “पेशंट ते बघून शांत होतात,” त्या म्हणाल्या. दोन्ही हात दुसऱ्याच्या तोंडात घालून बसलेल्या बाईसमोर पेशंटला आणखी काय होता येणार, हे मी विचारलं नाही. मलाही दात आहेत.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोष सौंदर्याचा आहे. मी दुकानात परतले आणि पुरुषांच्या विजारींमधून उरलेल्या मातकट, राखाडी, शेवाळी कतरणींची जगातली सर्वांत उदास बस्करं शिवली. एकाकडे बघून तर मास्तरांनी आपल्या तब्येतीची चौकशी स्वतःच केली. बस्करं संध्याकाळच्या आत संपली. “किती वेगळं आहे!” म्हणत घेऊन गेले लोक. त्यातलं एक कुणीतरी वडिलांच्या फोटोखाली लावलं असं नंतर कळलं.

शेवटचं घर होतं बँकवाल्या काकांचं. काका बँकेतून निवृत्त झाले असले तरी बँक त्यांच्यातून अजून निवृत्त झालेली नाही. घरातल्या चमच्यालासुद्धा ते सही केल्याशिवाय ड्रॉवरबाहेर सोडत नसावेत. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर मात्र बस्कर दिसलं आणि मला भरून आलं. मग नीट बघितलं. टेबलावर बस्कर, बस्करावर काच, काचेवर बाजारातली बुचाची चकती आणि चकतीवर पातेलं.

“काका, हे काय?”

“झळ लागू नये म्हणून.”

“कुणाला?”

“बस्कराला.”

“अहो, झळ लागावी म्हणूनच तर ते आहे!”

“असं कसं बोलतेस?” काका दुखावले. “एवढी मेहनत घेतलीस तू. आमचीही काही माणुसकी आहे.”

तिथे, त्या तीन मजली व्यवस्थेसमोर, मला सगळं उलगडलं. माझा माल मरतच नव्हता. आणि जे मरत नाही त्याच्या जागी दुसरं कोण आणणार? अमर माणसाच्या खुर्चीवर कुणाचाच नंबर लागत नाही.

काकूंनी चहा आणला. मी पातेलं बाजूला ठेवलं. चकती उचलली, काच उचलली आणि माझा भरलेला कप थेट बस्करावर ठेवला. काका खुर्चीतून उठले. मग कपाला धक्का लागला. धक्का मीच लावला.

चहा लाल त्रिकोणांवरून पिवळ्यांवर गेला, तिथून निळ्यांवर. खोलीत अशी शांतता पसरली की शेजारच्या घरात कुणीतरी फोडणी द्यायचं थांबलं. काका खाली बसले. काकू कंबरेवर हात ठेवून तो डाग बघायला पुढे आल्या.

“पडलाच शेवटी,” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात काय होतं म्हणता? सुटका होती! त्यांनी गॅसवरचं गरम दुधाचं भांडं फडक्याने धरून आणलं आणि दणकन बस्करावर आदळलं. “कधीची ती काच पुसतेय मी! आता डागच पडलाय, तर वापरू की.”

रात्रीपर्यंत माझ्या टेबलावर पाटी लागली होती: ‘पहिला डाग आमच्याकडून. मोफत.’

“पोरी,” मास्तर पाटी वाचून म्हणाले, “आमच्या धंद्यात डाग पडला तर गिऱ्हाईक भरपाई मागतं.”

“तुमच्या धंद्यात तुम्ही तो लपवता, मास्तर. माझ्यात तो हिशेबातच धरलाय.”

लोक आधी हसले. मग एका शिक्षिकेने हळूच विचारलं, “चहाचाच असतो, की कॉफीचाही मिळतो?” त्यानंतर मला मान वर करायला फुरसत नव्हती. कुणाला तेलाचा ठिपका हवा होता, कुणाला शाईचा. एका जोडप्याचं डाग मधोमध असावा की कडेला यावरून माझ्या टेबलाशीच वाजलं. शेवटी बस्कर तिने घेतलं आणि डाग त्याने. एका गृहस्थांनी डाग थोडा मोठा पडला म्हणून तक्रार केली. मी त्यांना समजावलं की कपडाही वाढत्या अंगाचा घेतात.

मग बोलावणी सुरू झाली. एका घरी मला नव्या सोफ्यावर पहिली बसायला नेलं. प्लास्टिक काढायचा धीर घरात कुणालाच होत नव्हता. मी बसले. मुलं टाळ्या वाजवत होती, आजोबा डोळे पुसत होते. दुसऱ्या घरी शोकेसमधल्या कपबशा काढून एका कपाचा कान मोडून दिला. एका नव्या गाडीच्या दारावर किल्लीने बारीकशी रेघ ओढून द्यायची विनंती आली. ती मी नाकारली. कुठलाही धंदा असो, माणसाने आपलं क्षेत्र ओळखून राहावं, आणि मालक घरी नव्हते.

बस्करं तर खपतच होती. पण सगळी नव्या लोकांना.

“नवीन लोक मी मोजत नाहीये,” आत्याने आठवण करून दिली. “काय बोलणं झालंय आपलं?”

“येईल कुणीतरी परत. वापरतायत आता.”

“मशीनचा माणूस उद्या येतोय.”

“उद्या म्हणजे सबंध दिवस आहे,” मी म्हटलं. त्या रात्री मी छान झोपले. आई मात्र जागी होती. माळ्यावर पंखा नाही, असं ती बाबांना सांगत होती.

दुपारी टेम्पो दुकानासमोर उभा राहिला. दोन हमाल मशीन उतरवायला लागले. मास्तरांनी मदत म्हणून माझ्या टेबलावरचे दोऱ्याचे रीळ खोक्यात भरायला घेतले; मी ते तितक्याच शांतपणे खोक्यातून काढून टेबलावर ठेवत होते. बराच वेळ आमचं दोघांचं काम उत्तम चाललं होतं.

एवढ्यात बँकवाले काका पायऱ्या चढून आले. हातात पिशवी, चेहरा ऑडिटचा.

“हे काय झालं ते बघ,” ते म्हणाले आणि त्यांनी बस्कर टेबलावर ठेवलं.

ओळखू येत नव्हतं. चहा, दूध, तेल, आणखी कसले कसले डाग, आणि एका बाजूने बाहेरची रांग काळी कोळसा. मास्तरांनी कात्री खाली ठेवली. असा प्रसंग त्यांना बसून बघायचा होता.

“काकूने पेटत्या गॅसच्या कडेला ठेवलं,” काका म्हणाले.

मी ते उलटं केलं, बोटाने दाबून बघितलं. “छान जळलंय. आतलं ब्लँकेट शाबूत आहे. काकूंचा हात?”

“हात ठीक आहे. तिने याच्यानेच पातेलं उचललं होतं.”

“मग झालं तर. याने त्याचं काम केलंय.”

“नवीन घ्या की, काका,” मास्तर म्हणाले. माझ्या बाजूने ते पहिल्यांदाच बोलत होते. बहुधा रीळ भरून कंटाळले असावेत.

“नवीन नको. हेच नीट करून पाहिजे. होतं का?”

आत्या दारात हमालांशी बोलत होती, ती बोलायची थांबली. तिने माझ्याकडे बघितलं. ‘नाही होत’ एवढे दोनच शब्द मला म्हणायचे होते. काकांनी उसासा टाकला असता, दुसरं घेतलं असतं, टेबल माझं झालं असतं. पण मला जे येतं ते येत नाही म्हणायचं? इतकी नम्रता मला जन्मात जमलेली नाही.

“होतं,” मी म्हटलं. “घड्याच आहेत या. जळलेली रांग उसवायची आणि तिथे नवे त्रिकोण बसवायचे. आतल्या रांगांना, तुमच्या डागांना, धक्का लागणार नाही. परवा या.”

आत्याने मान वळवली. “आणा रे आत,” ती हमालांना म्हणाली.

“परवा?” काका म्हणाले. “परवापर्यंत पातेलं कशावर ठेवायचं?”

“वर्तमानपत्रावर,” मास्तर म्हणाले.

काकांनी त्यांच्याकडे असं बघितलं, जसं त्यांनी काउंटरपलीकडून खोटी सही करणाऱ्याकडे बघितलं असेल. “वर्तमानपत्रावर? माझ्या घरात?” मग ते माझ्याकडे वळले. “एक काढ यातलं. ते हिरवं. नको, दोन काढ, काकूला एकाच्या जोडीला एक लागतंच. किती झाले सांग. आणि डाग इथेच पाड बाई, घरी गेल्यावर माझा धीर होणार नाही.”

मशीन उंबऱ्यावर अधांतरी होतं. हमालांच्या माना फुगल्या होत्या.

“बाई, कुठे ठेवायचं?” पुढचा हमाल ओरडला.

आत्याने खिडकीकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं, माझ्याकडे अजिबात बघितलं नाही. “ट्रायल रूममध्ये.”

“मग गिऱ्हाईक कपडा घालून कुठे बघणार?” मास्तर उठून उभे राहिले.

“घरी. नाही आवडला तर येईलच परत.” तिने गल्ल्यापाशी ठेवलेला स्वतःचा चहाचा ग्लास उचलला, माझ्या टेबलाशी आली आणि काकांच्या हिरव्या बस्करावर एकच थेंब पाडला, मापात, चार टोकं मिळतात तिथून एक बोटभर डावीकडे. “बघा, चालेल का?”

“अंमळ मोठा आहे,” काका म्हणाले.

“वाढत्या अंगाचा आहे,” आत्या म्हणाली.

दुसऱ्या बस्करावरचा डाग मीच पाडला. सगळंच काम आत्यावर टाकणं बरं नाही. काका दोन्ही बस्करं फुंकर घालत घालत घेऊन गेले. मास्तर ट्रायल रूममध्ये मशीन आणि आरसा यांच्यामध्ये अडकले होते आणि आतून आरशाला काहीतरी सांगत होते. मी इस्त्री लावली, जळलेलं बस्कर पुढ्यात ओढलं आणि काळ्या रांगेचा पहिला टाका उसवला.