प्राची पळाली नाही

मित्रांनो, मी एक जुना माईक. डोक्यावरची जाळी चेपलीय, घसा अधूनमधून खरखरतो, पण बहिरा नाही हं! दिल्लीच्या एका कारखान्यात जन्मलो आणि लखनौला, तेलीबागच्या बुद्धविहारात कामाला लागलो. नोकरीपायी इकडे आलेल्या मराठी घरांचं माझ्यावाचून पान हलत नसे. जयंती असो की लग्न, आधी मला शोधायचे. मग बिनवायरचा नवा माईक आला आणि माझी रवानगी सतरंज्यांखाली झाली. फार वाईट वाटलं.

यंदा सावित्रीबाईंच्या जयंतीला तो नवा माईक ऐनवेळी मुका झाला. खोटं कशाला बोलू, मला आतून गुदगुल्या झाल्या! बाहेर जानेवारीचं दाट धुकं. विहाराचं सगळं बघणाऱ्या ईश्वरभाऊंनी मला पुसून स्टँडवर चढवलं. त्यांचीच लेक प्राची बोलणार होती. मागच्या जयंतीला ती इथूनच रडत पळाली होती.

"पप्पा, इस बार भी भागी ना, तो फिर कभी स्टेज पे नहीं आऊँगी," ती माझ्याजवळ येऊन पुटपुटली.

भाषण ईश्वरभाऊंनी लिहिलेलं. इथले सगळेच बाप असं करतात. घरी पोरं हिंदी बोलतात आणि हे जयंतीला त्यांच्याकडून जडजड मराठी घोकून घेतात. "सन्माननीय अध्यक्ष महोदय..." एवढं म्हणून प्राची अडली. कुणीतरी फिसकन हसलं. ईश्वरभाऊ समोरून पुढचं वाक्य ओरडू लागले.

"ईश्वर, गप बस की जरा! तिचं तिला बोलू दे," त्यांची आई, गयाबाई, कडाडल्या.

प्राचीने मला घट्ट धरलं.

"मला ना, कोल्ड फीट आलेत. हसू नका, यार! ऐनवेळी हिंमत गेली की इंग्रजीत असं म्हणतात. शाळेत मॅमनी सांगितलं, कुणी म्हणतं, लढाईत पाय गारठलेला सैनिक पुढे जाऊ शकायचा नाही, तिथून हे आलं. कुणी म्हणतं, पत्त्यांत हरणारा माणूस पाय गार पडल्याचा बहाणा करून उठायचा. पक्कं कुणालाच माहीत नाही."

"आपण त्याला हातपाय गाळणं म्हणतो, बाई!" गयाबाई खालून म्हणाल्या.

"हाँ आजी, तेच! सावित्रीबाईंवर लोकांनी शेण फेकलं. त्यांना पण डर लागला असेल ना? तरी त्या शाळेत गेल्याच. म्हणून आज मी पण इथून हलणार नाही!"

अहाहा, काय टाळ्या पडल्या! मग पोरगी अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलतच सुटली आणि मी एकदाही खरखरलो नाही. ईश्वरभाऊ डोळे पुसत होते. उतरताना प्राची म्हणाली, "पप्पा, अगली बार भी मैं ही बोलूँगी." माझा ऊर भरून आला.

मित्रांनो, मला टकटक करून तपासू नका, वायर पिळून फेकू नका. आणि माझ्यासमोर एखादं लेकरू मध्येच अडलं, तर तुमचं वाक्य त्याच्या तोंडात कोंबू नका. जरा दम धरा. त्याला त्याचं बोलायचं असतं.