बुधवारचं पुडिंग

माणसाला माणसाशी जोडण्याचं काम आजवर संविधान, शिक्षण आणि प्रेम या तिघांनी केलेलं आहे. विश्रांतवाडीच्या सुखदेवराव ओव्हाळांचा या तिघांवरही गाढ विश्वास होता. तरी त्यांच्या घरी हे काम शेवटी कस्टर्ड पावडर आणि कॉर्नफ्लेक्स यांच्यावर येऊन पडलं.

ओव्हाळांच्या घरात पुडिंग म्हणजे एकच. सुखदेवराव सरकारी कार्यालयात अधीक्षक झाले त्या साली त्यांच्या पत्नी नंदाताईंनी कस्टर्डच्या डब्यामागची कृती वाचून ते पहिल्यांदा केलं. कृतीत बिस्किटं होती. घरात बिस्किटं नव्हती, शेजारणीने दिलेला कॉर्नफ्लेक्सचा अर्धा पुडा होता, आणि ते नुसते दुधात घालून खायला त्यांच्या लहानग्या चेतनने साफ नकार दिला होता. तेव्हापासून खाली कस्टर्ड, मध्ये केळ्याच्या चकत्या, वर कॉर्नफ्लेक्स. वाढदिवसाला तेच, निकालाला तेच, चौदा एप्रिललाही तेच. बुद्धपौर्णिमेला रीतीप्रमाणे खीर व्हायची, पण खिरीच्या वाटीकडे सगळे जरा घाईनेच बघायचे, कारण मागून पुडिंग येणार असायचं.

या पुडिंगवरून घरात दोन पंथ पडले होते. नंदाताई आणि चेतन कॉर्नफ्लेक्स खाताना वरून घालणारे, म्हणजे कुरकुरीत पंथाचे. सुखदेवराव ते तासभर आधी घालून मऊ करणारे. वर्षानुवर्षं ते अल्पमतात होते. मग दोन वर्षांपूर्वी वैष्णवी सून म्हणून घरात आली. पहिल्याच पुडिंगला तिने आधी घातलेलेच बरे लागतात असं सांगितलं आणि सासऱ्याच्या मनात कायमची जागा मिळवली.

वैष्णवी पुण्याजवळच्या मांजरी गावची. वडील जयसिंगराव यांची उसाची शेती, त्यातली थोडी आता इमारतींखाली गेलेली. चेतन आणि ती हिंजवडीला एकाच कंपनीच्या बसने जायचे. जायला दोन तास, यायला सव्वादोन. पुण्याच्या ट्रॅफिकने आजवर केलेलं एकमेव चांगलं काम म्हणजे हे लग्न, असं सुखदेवराव म्हणत. रजिस्टर लग्न झालं. सहा महिने मांजरीहून कोणी बोललं नाही, मग जयसिंगरावांचा फोन आला, मग ते स्वतः आले, आणि दुसऱ्या भेटीत मटणाला बसून तिसऱ्यांदा रस्सा मागून घेतला. तो प्रश्न तिथेच मिटला.

राहिल्या मथुराबाई. वैष्णवीच्या आई.

मथुराबाई आजवर चार वेळा आल्या होत्या आणि चारही वेळा त्यांचा उपवास होता. एकदा गुरुवार, एकदा संकष्टी, एकदा एकादशी, एकदा शनिवार. चारही उपवास खरे होते. भिंतीवरचं कॅलेंडर त्यांना साक्षीला होतं. केळं दिलं की त्या पिशवीत ठेवत, घरी जाऊन खाते म्हणत. पाण्याची बाटली सोबत असे. बाकी बाई वाईट म्हणाव्यात तर तसंही नाही. येताना शेतातली मेथी, गावरान अंडी, काकवीची बाटली असं ओझं आणत, आणि नंदाताईंच्या हॉलमध्ये मांडी घालून ती मेथी स्वतः निवडून देत. द्यायला त्यांची कधीच हरकत नव्हती. घ्यायचं तेवढं जमत नव्हतं.

ओव्हाळांच्या घरात हे सगळ्यांना कळत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. चौतीस वर्षं नोकरीत सुखदेवरावांनी हेच पाहिलं होतं; कोणी डबा वेगळा खायचा, कोणाला पित्त असायचं. आपण आता या सगळ्याच्या पलीकडे गेलो आहोत असं ते मानत. मग एक दिवस वैष्णवी केळ्याच्या चकत्या करताना बोलली. तिला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, सव्वा महिना तिकडे, हे ठरलेलं होतं. ती म्हणाली की त्याचं काही नाही, पण नंतर इकडे आल्यावर आई बाळाला बघायला येणारच.

“पप्पा, बाळाने आपला उष्टा चमचा तिच्यापुढे केला,” तिने चकती कापता कापता विचारलं, “तर त्या दिवशी पण तिचा उपवास असेल का?”

सुखदेवरावांनी चष्मा लावला आणि कॅलेंडर खिळ्यावरून काढून टेबलावर घेतलं.

मथुराबाईंच्या बाळंतपणाआधीच्या भेटीसाठी असा दिवस हवा होता ज्या दिवशी कुठल्याही देवाचं त्यांच्याकडे काही काम नसेल. सोमवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार बाद. चतुर्थ्या, एकादश्या, पौर्णिमा बाद. मंगळवार संशयास्पद म्हणून बाद. रविवारी जयसिंगरावांना लग्नं असतात. तासाभराने एक बुधवार हाती लागला, सप्तमी, निरुपद्रवी. सुखदेवरावांनी मांजरीला फोन लावला. जयसिंगराव खुशीत हो म्हणाले आणि फोन बायकोकडे दिला. मथुराबाई म्हणाल्या की येतील, का नाही येणार, पण बुधवारचा त्यांचा उपवास असतो. नवीनच धरलाय.

दुसरा कोणी असता तर चिडला असता. सुखदेवराव कार्यालयातले होते. फाइल परत आली की ती त्रुटी दूर करून पुन्हा पाठवायची असते, इतकंच त्यांना ठाऊक होतं. उपवास आहे ना? मग उपवासाचंच पुडिंग करायचं.

अडचण अशी की उपवासाला काय चालतं हे त्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. वैष्णवीला माहीत होतं, पण तिला विचारायचं नव्हतं. आपल्या आईसाठी सासऱ्याने खटपट करावी आणि तीही वाया जावी, हे तिला एकदा धास्तीने आणि एकदा प्रत्यक्ष, असं दोनदा सोसावं लागलं असतं. म्हणून सुखदेवराव मंडईत गेले आणि तिथल्या एका दुकानात कस्टर्ड उपवासाला चालतं का, असं विचारलं.

दुकानदाराने वजनकाट्यावरून नजर उचलली नाही. “उपवास कुणाचा?”

“विहीणबाईंचा.”

“मग त्यांना विचारून या. मागे रांग आहे.”

सुखदेवराव हलले नाहीत. तेव्हा दुकानदाराने उपकार केल्यासारखं सांगितलं की कस्टर्ड म्हणजे मका, मका चालत नाही, डब्यावर छापलेलं असतं, वाचता येत असेल तर वाचावं. कॉर्नफ्लेक्सही मकाच. दाटपणाला शिंगाड्याचं पीठ न्या, वर घालायला राजगिऱ्याच्या लाह्या न्या, आणि पिशवी घरून आणत जा.

नंदाताईंनी ओट्यावर शिंगाड्याचं पीठ पाहिलं आणि प्रकरण काय ते ऐकून घेतलं. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती. बावीस प्रतिज्ञा त्यांना शाळेच्या पाढ्यांआधी पाठ होत्या. त्या म्हणाल्या की उपवास करणं तर सोडाच, दुसऱ्याच्या उपवासाचं रांधायची वेळ या घरावर यावी हे त्यांना मान्य नाही, आणि जिला आपलं अन्न चालत नाही तिच्यासाठी वाकायचं कशाला, आणि तुम्हाला स्वाभिमान म्हणून काही आहे की तोही पेन्शनीत गेला. हे सगळं बोलून झाल्यावर त्या पातेल्यात डोकावल्या.

“सरका, अहो. गुठळ्या होतायत.”

मग त्याच ढवळू लागल्या. एक अट मात्र त्यांनी घातली. भांडी आपली रोजचीच राहतील. हे मुद्दाम सांगायचं नाही आणि लपवायचंही नाही. सुखदेवरावांनी ती नोंद घेतली.

शिंगाड्याचं पुडिंग ओल्या सिमेंटच्या रंगाचं झालं. वेलदोडा घातला, रंग तोच राहिला. घरचं नेहमीचं पुडिंगही शेजारी केलंच होतं, बाकीच्यांसाठी.

बुधवारी साडेबाराला मांजरीची मंडळी आली. मेथी होती, अंडी होती, पाण्याची बाटलीही होती. जेवणं झाली. जयसिंगराव व्यवस्थित जेवले. मथुराबाई मेथी निवडत बसल्या. मग सुखदेवराव स्वतः एक वाटी घेऊन आले आणि त्यांच्यापुढे ठेवली. वाटीत काय काय आहे ते त्यांनी सांगितलं. दूध, साखर, शिंगाडा, केळं, राजगिऱ्याच्या लाह्या. उपवासाला चालणारं.

चेतनने मोबाइल पालथा ठेवला. वैष्णवी आपली वाटी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि चमचा तोंडाशी नेऊन तसाच धरून होती.

मथुराबाईंनी वाटीकडे पाहिलं. “ह्ये केलं कुणी?”

“मी. गुठळ्या हिने काढल्या.”

“लाह्या कुठनं आणल्या?”

“मंडईतून.”

“तुमच्यात उपास करत्यात?”

“नाही.”

मथुराबाईंनी मेथीची एक काडी खुडली. “मंग शिकलात कशापायी?”

या प्रश्नासाठी सुखदेवरावांनी चार दिवस भाषण तयार केलं होतं. त्यात समता होती, बंधुता होती, एक उतारा होता आणि शेवटी थोडा टोमणा होता. ते समोर मांडी घालून बसले आणि त्यांना त्यातलं काहीही आठवेना.

“तुम्ही जेवावं म्हणून,” ते म्हणाले.

मथुराबाईंनी हात पदराला पुसले. बराच वेळ पुसले. मग वाटी उचलली आणि एक चमचा तोंडात घातला. त्यांचा चेहरा काही क्षण सरकारी राहिला, मग राहिला नाही. घोट मोठ्या कष्टाने खाली गेला. त्यांनी वाटी हलकेच खाली ठेवली आणि दाराकडे पाहिलं.

“वैशे, तुझ्या वाटीत काय हाय?”

“ते घरचं पुडिंग आहे, आई,” वैष्णवी म्हणाली. “त्यात मका आहे. उपासाला चालत नाही.”

“आण हिकडं.”

“आई, उपास आहे ना तुझा.”

“बुधवारचा कुठं उपास असतो व्हय?” मथुराबाई म्हणाल्या.

जयसिंगरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. वैष्णवीने आपली अर्धी खाल्लेली वाटी आईच्या हातात दिली आणि तिथेच शेजारी जपून खाली बसली. मथुराबाईंनी लेकीच्याच चमच्याने ती संपवली, तळ खरवडून संपवली, आणि मग रिकामी वाटी नंदाताईंसमोर धरली.

“इहीणबाई, घाला आजून वाईच.”

नंदाताईंनी वाढलं. वाढताना वाटीत जरा जास्तच पडलं. ते त्यांनी परत काढून घेतलं नाही. स्वाभिमानाबद्दलही त्या काही बोलल्या नाहीत. नुसतं, सावकाश खा, भरपूर आहे, असं म्हणाल्या. मथुराबाईंची बाटली सोफ्याच्या पायाशी आडवी पडली होती. ती कोणी उभी केली नाही. खाऊन झाल्यावर त्यांनी नंदाताईंकडे तांब्याभर पाणी मागितलं.

निघताना मथुराबाईंनी एक सूचना केली. ह्ये मक्याचं आधी घातलं की लिबलिबीत होतंय, खाताना वरून घालत जा. नंदाताई नवऱ्याकडे बघून हसल्या. दोन वर्षं कशीबशी टिकलेली बरोबरी अशा रीतीने मोडली आणि सुखदेवराव पुन्हा अल्पमतात गेले.

शिंगाड्याचं पुडिंग पातेलंभर उरलं. ते शनिवारपर्यंत सुखदेवरावांनी एकट्याने संपवलं. चांगलं झालं नव्हतं.