दक्षिणेची भिंत

भिंतीवर बोट आपटलं आणि माझं डोकंच सणकलं. विटेची भिंत ठोकली की बोट दुखतं, आवाज होत नाही. इथं बोट दुखलं नाही, आवाज मात्र सगळ्या हॉलभर झाला.

मी शब्बीर. शहाद्याला माझं काच आणि फ्रेमचं दुकान आहे, तीस वर्षं झाली. त्या दिवशी पुरुषोत्तमनगरला चुनीलालबापूंच्या नव्या बंगल्यावर त्यांच्या वडिलांचा फोटो लावायला गेलो होतो. वडील म्हणजे शांतीलालबाप्पा. त्यांना जाऊन वर्ष होत होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वर्षश्राद्ध. बापूंनी सांगितलं होतं, फोटो असा पाहिजे की दारातून आत आलेल्या माणसाचे हात आपोआप जोडले गेले पाहिजेत. म्हणून पाच फूट उंच, साडेतीन फूट रुंद, सागाची कोरीव चौकट, जाड काच, मागं प्लायवूड. वाळल्या मिरचीची भरलेली गोणी उचलावी तेवढं वजन. टेंपोवाल्या चंदननं आणि मी तो फोटो कसाबसा हॉलमध्ये आणून टेकवला. चंदनला दुसरी खेप होती, तो निघून गेला.

आणि मी ठोकली ती ही भिंत. जिप्समची. आत पत्र्याच्या पातळ पट्ट्या उभ्या केलेल्या, दोन्ही बाजूंनी बोर्ड ठोकलेला, वर पुट्टी आणि झकास दुधी रंग. हात फिरवला तर कोणाच्या बापाला कळणार नाही.

"ही भिंत कधी झाली?" मी विचारलं.

बापूंचा मुलगा भावेश तिथंच होता. सुरतेला इंजिनीअर आहे, माझ्याशी आमची बोली सोडून पुस्तकातलं मराठी बोलतो. त्याचं मला तसं काही नाही, पण त्या दिवशी तेही टोचलं.

"मागच्या आठवड्यात केली," तो म्हणाला. "इथं आधी मोकळंच होतं, पलीकडे स्वयंपाकघर. श्राद्धाचे महाराज म्हणाले, गेलेल्या माणसाचा फोटो दक्षिणेच्याच भिंतीवर पाहिजे. दक्षिणेला भिंतच नव्हती. मग उभी केली."

म्हणजे बघा. फोटोसाठी भिंत उभी केली, आणि तीच नेमकी फोटो पेलणार नाही अशी केली. बाकीच्या तिन्ही बाजूंना नऊ-नऊ इंची विटा. तिकडं म्हैस टांगा, हलणार नाही. पण तिकडं दक्षिण नाही!

भिंतीला लागून खुर्चीत जसोदामाय बसल्या होत्या. बाप्पांची बायको, बापूंची आई, ऐंशीच्या पुढं वय. उद्या त्यांना फोटोच्या बरोबर खाली बसवायचं, आले-गेले आधी फोटोला हार घालतील, मग वाकून मायच्या पाया पडतील, असं सगळं ठरलेलं होतं. श्राद्धानंतर त्यांची खाटही तिथंच टाकणार होते, कायमची.

"माय, तू तठे बठू नको," मी म्हणालो. बापूंच्या सुनेनं, मोहिनीनं, खुर्ची हातभर बाजूला सरकवली आणि ती आत गेली.

मी भावेशला नीट समजावलं. खरंच नीट, आवाज न चढवता. म्हणालो, अशा भिंतीवर जड वस्तू लागत नाही असं नाही. पण आधी तयारी लागते. बोर्ड लावायच्या आधी आत दोन पट्ट्यांच्या मध्ये जाड प्लायवूड बसवायला पाहिजे होतं. आता बोर्ड कापतो, प्लायवूड बसवतो, पट्ट्यांना स्क्रूनं पक्कं करतो, परत बंद करतो. पुट्टी, रंग धरून दोन दिवस द्या.

"उद्या सकाळी नऊला लोक येणार आहेत," तो म्हणाला. "आणि चाचा, सुरतेला याच भिंतींवर मोठमोठे टीव्ही लावतात."

"आत प्लायवूड असतं तिथं."

"इथं नुसते जाड बोल्ट टाका. चार टाका, सहा टाका."

माझ्याच पिशवीतली ड्रिल मशीन उचलून त्यानं भिंतीला लावली. मला विचारलंसुद्धा नाही. लोण्यात सुरी जावी तशी ड्रिल आत गेली, पांढरी भुकटी फरशीवर सांडली. त्यानं भोकात बोल्ट धरणारा प्लास्टिकचा गुल्ला ठोकला, बोल्ट पिळला आणि ओढून दाखवला. "बघा, हलतोय का?"

मी पुढं झालो, बोल्ट मुठीत धरला आणि अंगातला सगळा राग त्यात घालून खाली हिसका दिला. बोल्ट, गुल्ला आणि तळहाताएवढा भिंतीचा तुकडा माझ्या हातात आला.

नेमके त्याच वेळी चुनीलालबापू दारातून आत आले. मंडपवाल्याशी भांडून आले होते, तोंड आधीच लाल. त्यांनी भोक बघितलं, भोकातला अंधार बघितला, माझ्या हातातला तुकडा घेतला आणि दोन बोटांनी चुरडला.

"हाई काय शे?"

भावेशनं ड्रिल मशीन खाली ठेवली.

"भावेश, तू तं माले ईटनी भिंत सांगेल व्हती ना!"

"पप्पा, विटेला प्लास्टर, पाणी, सुकणं... सहा दिवसांत झालीच नसती. आणि रंगवल्यावर फरक दिसत नाही."

"दिखत नही!" बापू ओरडले. "बापना फोटोले पुठ्ठानी भिंत? आनि म्हने दिखत नही!"

मला वाटलं, चला, एक तरी माणूस शुद्धीवर आहे. मी पिशवी आवरायला घेतली. पण बापूंचा राग पोरावरून घसरला आणि सरळ माझ्यावर आला.

"शब्बीरभाई, तू लाव. सकाय पाव्हना येतीन. साखर कारखानाना लोके येतीन, सुरतना व्याही येतीन. फोटो भिंतवर दिखाले पाहिजे."

"बापू, टिकाव नही धरनार."

"एक दिवस तं टिकी ना? परवा काढी ल्हेजो."

एक दिवस! माझ्या कानांतून वाफा निघाल्या. दहा वर्षांपूर्वी विसरवाडीच्या एका हॉटेलात हात धुवायच्या जागेवर मी असाच आरसा लावला होता. मालक म्हणाला होता, आजचा दिवस भागवा, उद्या पक्कं करू. मी भागवलं. चौथ्या दिवशी आरसा खाली आला आणि हात धुणाऱ्या गिऱ्हाइकाच्या मनगटाची शीर कापली. माणूस वाचला. पण त्याची बोटं आजही नीट मिटत नाहीत, आणि त्याला कारण मी आहे, मालक नाही. हे बापूंना काय सांगणार? आणि का सांगू?

"मी लावसु नही," मी म्हणालो.

"मंग सरळ सांग ना, तुले जमत नही. नंदुरबारथून दुसरा बलाडस मी."

इथं मात्र माझा तोल सुटला. जमत नाही? मला?

"बलाडा! दहा बलाडा! बापू, पस्तीस किलो वजन शे. त्याखाले तुमनी माय बठनार शे. रातले खाट बी तठेच. डोकावर पडना तं काय करशात? परत फोटो बनाडशात? तिना?"

मी थांबायला पाहिजे होतं, थांबलो नाही. जसोदामायची खुर्ची पुन्हा भिंतीजवळ सरकली होती, मी ती दाखवून म्हणालो, "तुम्ही बठा ना तठे. तुम्ही खाले बठा, मी आत्तेच लावस. चला, बठा!"

बापू खुर्चीकडं बघत राहिले. बसले नाहीत. त्यांच्या कपाळावरची शीर उडत होती आणि मला वाटलं, आता हे माझ्यावर हात टाकणार.

"झायं का तुमनं?"

जसोदामाय बोलल्या. आवाज बारीक, पण असा धारदार, की आत गेलेली मोहिनीसुद्धा दारात येऊन उभी राहिली.

"डोकावर पडी, डोकावर पडी, कवयना तेच ऐकी ऱ्हायनू. माले कोनी इचारं का? मन्हा डोकावर टांगशात, तं माले दिखी कसा? मान वर व्हत नही मन्ही. लोकेसले दिखी. माले नुसती फरशी दिखी."

खरं सांगतो, मला लाज वाटली. मी त्यांच्या डोक्यासाठी एवढा भांडत होतो, जणू ते डोकं एखादी काचेची वस्तू आहे. डोळेही त्याच डोक्यात आहेत, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"मंग काय करूत, माय?" बापूंनी विचारलं.

"खाले ठेवा. चौरंगवर. मन्ही खुर्ची समोर ठेवा."

"बापले जमीनवर ठेवं, असं लोके म्हनतीन."

"जनमभर पाटवर बठीसन जेवनात ते. लोकेसले काय म्हननं ते म्हनू दे."

मोहिनीनं चौरंग आणला. एका बाजूनं भावेश, दुसऱ्या बाजूनं मी, फोटो उचलून दक्षिणेच्याच भिंतीला टेकवून चौरंगावर ठेवला. सगळं वजन जमिनीवर गेलं. पुढं कलू नये म्हणून मी लोहचुंबक फिरवून भिंतीतली पत्र्याची पट्टी शोधली आणि चौकटीचा माथा दोन लोखंडी पट्ट्यांनी तिला आवळला. हलवून बघितला, हलला नाही. भावेशनं केलेलं भोक फोटोमागं झाकलं गेलं. तो माझ्याकडं बघत नव्हता आणि मीही त्याच्याकडं बघितलं नाही, राग अजून उतरला नव्हता.

बापूंनी स्वतः खुर्ची उचलून समोर ठेवली, चार हातांवर. जसोदामायला धरून बसवलं. आता बाप्पांचं तोंड बरोबर त्यांच्या तोंडासमोर आलं होतं. मोहिनीनं पदर डोळ्यांना लावला. आम्हाला सगळ्यांना वाटलं, आता माय रडतील.

त्या रडल्या नाहीत. त्यांनी काठी फरशीवर आपटली आणि फोटोकडं बघून बोलू लागल्या.

"सुरतले दवाखानामा जाई ऱ्हायनू, इतलं तरी माले सांगनं व्हतं. गाडीमा बठी गयात. मी आंगनमा उभी व्हती. तुम्हीन बी माले इचारं नही. सांगा आते. कसाले गयात माले न सांगता?"

बापूंनी मान खाली घातली. बाप्पा सुरतेहून परत आलेच नाहीत, आणि नेणारी गाडी बापूंनीच चालवली होती.