मामा उभा असल्यास पास

मामीच्या लॉन्ड्रीतला कॉम्प्युटर इतका जुना होता की बटण दाबल्यावर तो आधी थोडा वेळ नुसता विचार करायचा. काय विचार करायचा ते कुणाला माहीत नव्हतं, पण चेहऱ्यावरून तो विचार काही बरा वाटायचा नाही. तरी त्याला बदलायची सोय नव्हती. दुकानात छतालगत एक फिरता रूळ होता, रुळाला आकडे, आकड्यांना ग्राहकांचे कपडे. त्या रुळाची तार ज्या रुंद खोबणीत बसायची, तसली खोबण नव्या कॉम्प्युटरना ठेवायचं सगळ्या जगाने ठरवून बंद केलं होतं.

ग्राहकाचं नाव टाकलं की रूळ गरगर फिरायचा आणि बरोबर त्याचा कपडा काउंटरपाशी आणून उभा करायचा. हा प्रोग्राम भाचीने लिहिलेला. त्याआधी मामी माणसं डागांवरून ओळखायची. शाईवाला, सॉसवाल्या बाई, आणि 'कसला ते विचारू नका' असं सांगून गेलेले एक वकील. पद्धत तशी चांगली होती, दोष एवढाच की मामीचा धंदाच डाग काढायचा. डाग निघाला रे निघाला की तो माणूस मामीला कायमचा परका व्हायचा. एकदा जादूगाराचा कोट बँकेच्या मॅनेजरकडे गेला. भर बैठकीत साहेबांनी घाम पुसायला खिशातून रुमाल काढला, आणि तो रुमाल संपेना म्हणून बैठक तहकूब करावी लागली.

भाचीचा प्रोग्राम एका फ्रेमवर्कवर बेतलेला होता. फ्रेमवर्क म्हणजे प्रोग्रामचा आयता सांगाडा. हा सांगाडा पायथॉनमध्ये लिहिलेला आणि ओपन सोर्स, म्हणजे कुणीही फुकट घ्यावा, कुणीही दुरुस्त करावा, आणि बिघडला तर नेमके कुणाच्या नावाने खडे फोडायचे ते कळू नये, असा. त्याच्या जुन्या आवृत्तीला एक भोक सापडलं होतं. त्या भोकातून कुणीतरी टवाळ आत शिरला आणि गेल्या आठवड्यात लॉन्ड्रीच्या झाडून सगळ्या ग्राहकांना निरोप गेला, 'तुमची विजार आमच्याकडे आहे. एकटेच या.' भोक नव्या आवृत्तीत बुजवलं होतं. पण नवी आवृत्ती असल्या म्हाताऱ्या मशिनवर चालवायची की नाही, यावर तिकडे खल चालला होता.

"तिकडे म्हणजे कुठे?" मामीने विचारलं. ती वाफेच्या प्रेसवर काळे कोट दाबत होती. गावातल्या वाद्यवृंदाचे होते ते, सगळे एकसारखे, संध्याकाळी कार्यक्रमाला हवे होते.

"ठिकठिकाणी बसलेत गं ते लोक. मुख्य आहे तो दाढीवाला." त्याच्या नावापुढच्या फोटोत दाढीशिवाय काही दिसायचं नाही, म्हणून भाचीने त्याला दिलेलं हे नाव. "तो म्हणतोय, आज संध्याकाळपर्यंत कुणीतरी असल्या मशिनवर नवी आवृत्ती बसवून सगळ्या चाचण्या पास करून दाखवा. नाहीतर उद्यापासून जुनी मशिनं बाद."

"बाद म्हणजे?"

"म्हणजे परत डाग."

मामीने हातातल्या काळ्या कोटाकडे पाहिलं, मग उरलेल्या काळ्या कोटांच्या ढिगाकडे. एकावरही डाग उरला नव्हता. "बस तिथे," ती म्हणाली, "आणि उठू नकोस."

भाची बसली. जुन्या प्रोग्रामला धक्का नको म्हणून तिने नव्या आवृत्तीसाठी वेगळी खोली केली. खोली अर्थात कॉम्प्युटरच्या आत. "आत खोल्या आहेत?" मामाने विचारलं. "मग मला कशाला दाराशी उभं करता?" मामा ट्रॅफिक पोलिसातून निवृत्त झालेला. सगळी हयात चौकात गेली, त्यामुळे बसणं त्याला जमत नसे. घरी सोफ्यासमोर उभा, दुकानात वाटेत उभा. मामीचं दिवसभर एकच पालुपद, "अहो, सरका."

फ्रेमवर्क उतरलं, त्याच्या मागून त्याला लागणारी पिलावळ उतरली, पिलावळीला लागणारी पिलावळ उतरली. तोपर्यंत मामीचे चार कोट झाले. मग भाचीने चाचण्या सुरू केल्या आणि पडद्यावर एकामागून एक ठिपके उमटायला लागले.

"हे काय, रांगोळी काढतोय का हा?"

"एक ठिपका म्हणजे एक चाचणी पास."

मामा ठिपके बघायला पुढे सरकला. मामी म्हणाली सरका. मामा सरकला. रांगेच्या अगदी शेवटी, जिथे शेवटचा ठिपका पडायचा तिथे, इंग्रजी एफ उमटला.

"नापास," भाची म्हणाली.

"होऊ दे," मामा म्हणाला, "आपल्या घरात काही पहिल्यांदा होत नाहीये. तुझ्या आईला विचार."

शेवटची चाचणी दांडगी होती. ती मशिनला ढीगभर बारीक कामं द्यायची आणि ठरलेल्या वेळात पुरी झाली का ते बघायची. मशिनने वेळेत पुरी केली नव्हती. भाचीने काहीही न बदलता पुन्हा चाचण्या लावल्या, कारण शिकलेली माणसं आधी तेच करतात. या वेळी सगळी पास. तिने आनंदाने मामाला टाळी दिली. खात्रीसाठी तिसऱ्यांदा लावल्या. मामा चहा टाकायला आत गेला होता. नापास.

आपल्या मनात जे आलंय ते भाचीला पटेना. तिने मामाला बाहेर बोलावलं, होता तिथे उभं केलं, पास. आत पाठवलं, नापास. पुन्हा बोलावलं. मामा कप घेऊन आला, आणि पास झालं.

"मामी, जरा प्रेस दाब."

मामीने पेडलवर पाय दिला. प्रेसच्या बाजूने वाफेचा लोट फिस्सकन निघाला आणि सरळ मामाच्या पाठीवर गेला. मामा हलला नाही. पाठीवर बसचे धूर घेण्यात जन्म गेलेला माणूस, त्याला वाफ म्हणजे मायेचा हात. तो नसला की हाच लोट थेट कॉम्प्युटरवर जायचा, कॉम्प्युटर तापायचा, आणि तापला की पुन्हा त्या सुरुवातीच्या विचारात पडायचा.

मग बाकीचे उपाय झाले. प्रेस हलेना, ती जमिनीला बोल्टने जखडलेली. कॉम्प्युटर हलेना, रुळाची तार आखूड. प्रेस थांबवायची तर वाद्यवृंद शर्टावर वाजवायला बसला असता. पुठ्ठा आडवा लावला, तो दोन वाफांत मान टाकून कॉम्प्युटरच्याच गळ्यात पडला. हँगरला ओव्हरकोट लावून टांगला, तो वाऱ्याने फिरून दाराकडे बघत बसला.

"मामासारखं काही नाही," भाची शेवटी म्हणाली. मामाने हे वाक्य मामीने ऐकलं का ते वळून पाहिलं. तिने ऐकलं नव्हतं, असं तिने दाखवलं.

भाचीने दाढीवाल्याला खरं ते कळवलं. तीनदा पास, तीनदा नापास.

'फरक कशाचा?' त्याने विचारलं.

'मामाचा.'

'कोणती आवृत्ती?'

'एकच आहे. जुनी.'

'मिळतो कुठे?'

'आईकडून.'

मग भाचीने वाफेचं, प्रेसचं, बोल्टचं सगळं सविस्तर लिहिलं. दाढीवाल्याने ते दोनदा वाचलं असावं. त्याचं उत्तर आलं, 'आमच्या नियमात मामाला मनाई नाही, मी आत्ता पाहिलं. पण पहिल्यापासून करून दाखवा. सगळं पुसा, नव्याने बसवा, आणि एकाच दमात पूर्ण चाचण्या, दुकान चालू असताना. मी इथून बघतो. मध्ये तुटलं तर दुसरी संधी नाही, मला मुलीला पोहायला न्यायचंय.'

भाचीने सगळं पुसलं. पुन्हा खोली केली, पुन्हा फ्रेमवर्क उतरलं, पुन्हा पिलावळ. मामाने पट्टा वर ओढला, बूट जुळवले आणि प्रेसकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून उभा राहिला. मामीने पहिला कोट लावला. फिस्स. ठिपका. फिस्स. ठिपका.

अर्धी रांग भरली असेल तेवढ्यात बाहेर चौकात सिग्नल बंद पडला.

आधी एक हॉर्न वाजला, मग त्याला उत्तर म्हणून दुसरा. बघता बघता चारी बाजूंनी गाड्या एकमेकींच्या तोंडात तोंड घालून उभ्या राहिल्या. दुकानाच्या उघड्या दारातून सगळा चौक ताटात वाढल्यासारखा दिसत होता. मामाने मान लांब करून बाहेर पाहिलं.

"मामा," भाची पडद्यावरून नजर न काढता म्हणाली.

"तो टेम्पो बघ," मामा म्हणाला. "तो मागे घेतला तर सगळं सुटतंय. एक टेम्पो."

"मामा, शेवटच्या चाचणीला लागतोय आपण."

"मी फक्त दारापर्यंत जातो."

टाच उचलली गेली. वाफेचा एक पट्टा मामाच्या कमरेला वळसा घालून कॉम्प्युटरला लागला आणि ठिपके थबकले. दुकानात जन्मभर एकच वाक्य बोलत आलेल्या मामीने प्रेस सोडली नाही, पण वाक्य सोडलं.

"अहो," ती म्हणाली, "सरकू नका."

मामाची टाच खाली आली. असं काही ऐकायची त्याला सवयच नव्हती, त्यामुळे तो दगडासारखा झाला. फक्त खांद्यापासून पुढे जिवंत राहिला. त्याने डावा हात आडवा केला आणि उजव्या हाताने, दारातून, रस्त्यापलीकडच्या टेम्पोवाल्याला मागे घ्यायची खूण केली. टेम्पोवाल्याने लॉन्ड्रीत पाहिलं. आत काळे कोट लोंबत होते, धुराचा लोट उठत होता, आणि त्या लोटातून एक माणूस त्याच्याकडे बोट रोखून उभा होता. टेम्पो मागे गेला. त्याच्या मागचा स्कूटरवालाही गेला. मग मामाने पूर्वेकडची बाजू सोडली, पश्चिमेची धरली, एका कारवाल्याला नुसत्या भुवईने थांबवलं. पाठीमागे मामी कोटामागून कोट दाबत होती. फिस्स, ठिपका, फिस्स, ठिपका.

त्यात वाद्यवृंदाचा ढोलवाला कोट न्यायला दारात आला. मामाने तळहात दाखवला, तो थांबला. आपण का थांबलो ते त्याने विचारलं नाही.

शेवटची चाचणी आली. मशिन विचारात पडू लागलं. भाचीने श्वास रोखला, मामीने पेडलवर पाय दिला, मामाने बससाठी रस्ता मोकळा केला. आणि रांगेच्या टोकाला ठिपका पडला.

दाढीवाल्याने एका ओळीत कळवलं की जुन्या मशिनांचा आधार चालू राहील, अट एवढीच की दर नव्या आवृत्तीला मामा उपलब्ध हवा. भाचीने ते वाचून दाखवलं. मामा अजून उभाच होता.

"दर आवृत्तीला म्हणजे वर्षातून किती वेळा?" त्याने विचारलं. "सुट्टी बिट्टी धरून?"

"अहो, हो म्हणून टाका," मामी म्हणाली. भाचीने नवी आवृत्ती दुकानाच्या प्रोग्रामला जोडली आणि ढोलवाल्याचं नाव टाकलं. रूळ फिरला, एकसारख्या काळ्या कोटांतला एक कोट समोर आला. ढोलवाल्याने बाह्या घालून पाहिल्या. त्याचाच होता.

दुसऱ्या दिवशी फ्रेमवर्कच्या माहितीत, 'बसवण्यापूर्वी काय लागेल' या मथळ्याखाली, पायथॉन आणि डिस्कवरच्या मोकळ्या जागेनंतर एक नवी ओळ आली: 'जुन्या मशिनसाठी, जवळपास वाफ असल्यास, एक मामा (उभा).' त्याखाली लगेच कुणाचा तरी प्रश्न येऊन पडला. तसलं मशिन जगात आणखी एक शिल्लक आहे, हे तेव्हा कळलं. 'आमच्याकडे मामा नाहीत,' त्या माणसाने लिहिलं होतं, 'सासरे चालतील का?'

भाचीने मामाला विचारलं. मामाने हातातला कप खाली ठेवून बराच विचार केला. मग त्याने सांगितलं तसं तिने उत्तर लिहिलं:

'सासऱ्यांवर चाचणी झालेली नाही. उभे करून पाहा. मात्र सरका म्हणू नका, ते खरंच सरकतात.'